वरच्या मजल्यावरची गाडी

१२ फेब्रुवारी, बुधवार

ही वही रणवीरच्या कंपनीची, दोन सालांपूर्वीची. वर कोरी पडून होती म्हणून माझ्याकडे आली. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून माझे लिहिते. निपाणीला चौथीपर्यंत शिकले, तेवढं अक्षर पुरतं. मी बोलले की घरात भांडण होतं असं माझ्या सुनेचं, रम्याचं, म्हणणं आहे. म्हणून लिहिते. वही उलटून बोलत नाही.

आज सकाळी अंबुअक्का खाली आल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई. जयनगरचं हे घर सासऱ्यांनी बांधलं आणि वर थोरल्याने राहायचं, खाली धाकट्याने, असं त्यांनीच ठरवून दिलं. चव्वेचाळीस वर्षं अक्का वर आहेत आणि मी खाली. त्यांनी गॅलरीत धुणं वाळत घातलं की पाणी माझ्या तुळशीवर पडतं. तुळस जोरात वाढते, तेही त्यांच्याच पाण्यावर.

आल्या, खुर्चीत टेकल्या आणि सांगितलं की रणवीरने, म्हणजे त्यांच्या मुलाने, सर्जापूर रोडला फ्लॅट घेतलाय. मार्चमध्ये सगळे तिकडे जाणार. तिथे एकच गाडी लावायला जागा आहे आणि त्याने बॅटरीवरची नवी सांगून ठेवलीय. तेव्हा ही काळी मोठी गाडी आमच्या अभिराजने घ्यावी. फुकट नाही, पण बाहेरच्यापेक्षा स्वल्प कमी. घरातली गाडी घरात राहील, म्हणाल्या.

अभिराज माझा मुलगा. चाळिशी ओलांडलीय, पण चेहरा असा खुलला की लग्नातही खुलला नव्हता. सात जणांची गाडी. रम्या तिला एसयूव्ही म्हणते. आम्ही चौघं, आनेकलला असतात ते रम्याचे आईवडील, आणि तुळजापूरला जायचं म्हणजे सातवं माणूस होईल एवढं सामान.

मी चहा ठेवायला उठले. अक्कांना दोन चमचे साखर लागते. मी एकच घातला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लग्नात मला नेसवलेला शालू अक्कांचा. त्यांनी पिको करायचं मशीन घेतलं तेव्हा जुनं शिलाई मशीन खाली आलं. अभिराजचा पाळणा रणवीरचा. दुपट्यावर रणवीरचं नाव भरलेलं होतं, मी बसून उसवलं, तरी भोकं राहिली. वाकडी मान करून बघितलं तर नाव वाचता यायचं.

आणि ती गाडी. अकरा वर्षांपूर्वी आली तेव्हा नवी होती, हे मान्य. पण तिच्यात माझी जागा ठरलेली. पुढे पुरुष, मधे अक्का खिडकीशी, आणि मी सगळ्यात मागे, तिसऱ्या बाकावर, पातेली आणि नारळाच्या पोत्याबरोबर. तिथे गुडघे हनुवटीला लागतात. मधलं सीट दुमडल्याशिवाय आत जाता येत नाही आणि कुणी दुमडल्याशिवाय बाहेर येता येत नाही. तुळजापूरपर्यंत मी अक्कांचा अंबाडा बघत गेलेय, चार वेळा. देवीचं दर्शन त्या मानाने कमीच झालं.

अभिराजला सांगितलं, उतरलेली गाडी माझ्या दारात नको. तो हसला. म्हणाला, "आई, अकरा वर्षं ती आपल्याच दारात उभी आहे. जागची हलणारसुद्धा नाही. फक्त किल्ली खाली येईल."

तेच तर.

मग म्हणाला, नवी परवडत नाही, जुनी घ्यायची म्हणजे कुणाची तरी उतरलेलीच असणार. मी म्हटलं, अनोळखी माणसाची चालेल. अनोळखी माणूस गाडीला पोचे किती पडले ते बघायला सणावाराला येणार नाही. रम्या म्हणाली, अक्का तर चालल्यात. मी म्हटलं, सर्जापूर रोड काय काशीला आहे?

शेवटी दोन रविवार मागून घेतले. दोन रविवारांत दुसरी गाडी मिळाली नाही, तर काळीच.

१६ फेब्रुवारी, रविवार

होसूर रोडवर जुन्या गाड्यांचा एक अड्डा आहे, तिथे गेलो. पन्नासेक गाड्या उन्हात उभ्या. दाखवणारा माणूस कन्नडमध्ये गोड बोलत होता, मला अम्मा म्हणत होता. प्रत्येक गाडी म्हणे एका डॉक्टरीणबाईंची, फक्त घर ते दवाखाना चाललेली. बंगळूरमध्ये एवढ्या डॉक्टरीणबाई असतील तर आम्हाला दवाखान्यात दोन दोन तास का बसावं लागतं?

अभिराज बॉनेट उघडून आत बघतो. त्याला त्यातलं काय कळतं ते त्यालाच ठाऊक, तो कारखान्यात नळाचे व्हॉल्व्ह मोजतो. मी सरळ मागे चढते. गाडी कशी आहे ते पुढे बसून कळत नाही. पुढचं सगळे पुसतात. तिसऱ्या बाकावर बसा, मग गाडी बोलते. एकीत सीटच्या फटीत सुपारीचा चुरा आणि कुणाचं तरी जावळ सापडलं. एकीच्या छताला पावलांचे ठसे. डॉक्टरीणबाई पाय वर करून बसत असतील.

शमिकाने, माझ्या नातीने, विचारलं, "आजी, तुला नक्की कुठली आवडेल?" तिला सांगितलं, जी वर राहत नाही ती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वर बांधाबांध चाललीय. दिवसभर ओढल्याचे आवाज. कपाट कुठून कुठे गेलं ते मला खाली बसून सांगता येतं.

काळी गाडी बघायला एकजण आला होता. आम्ही नाही म्हटलं तर हातचं गिऱ्हाईक असावं म्हणून रणवीरने बोलावला असेल. अक्का खाली उतरून गाडीजवळ उभ्या राहिल्या. हात बॉनेटवर, जशी गाय विकायला काढलीय. माणूस बरा वाटला, भाव केला नाही, पैसेही लगेच द्यायला तयार. अक्कांनी त्याला परत पाठवला. त्याचे बूट घाण होते म्हणे.

एवढा तोरा. गिऱ्हाइकाचे बूट बघायचे. यांच्या जुन्या वस्तूला लायक माणूस सापडायला यांना पत्रिका मागवावी लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज दुसरा रविवार. सर्जापूर रोडलाच एक गाडी बघायला गेलो, मोठमोठ्या इमारतींत. मोबाईलवर अभिराजने शोधली होती. मालकाचं नाव मकरंद, बायको देवश्री, दोघं पुण्याची, इकडे संगणकाच्या कामाला. दार उघडलं आणि मराठीत "या, या, आजी, सावकाश," असं आलं, तेव्हाच अभिराज विकला गेला. गाडी नंतर.

बिचाऱ्याचं मराठी म्हणजे घरातलं चार माणसांचं. कारखान्यात कन्नड, बाजारात कन्नड, साहेबाशी हिंदी. इथे एक माणूस त्याच्याशी राजकारणापासून आंब्यापर्यंत मराठीत बोलत होता. अर्धं इंग्रजी होतं, पण उरलेलं अर्धं पुण्याचं. देवश्रीने पोहे केले, वर खोबरं, लिंबाची फोड. आमच्यासारखी जुनी मराठी घरं बंगळूरमध्ये तीनशे वर्षं आहेत हे ऐकून ती चकित झाली, आम्ही जिराफ असल्यासारखी बघत राहिली. आमचं बोलणं तिला गोड वाटलं म्हणे. वाटू दे.

मग तळघरात गाडी बघायला उतरलो. पांढरी, दोनच वर्षांची, चकचकीत. आत मोगऱ्याचा वास, इतका की देवळाबाहेर बसल्यासारखं. अभिराज सगळीकडून फिरला, सरी सरी, म्हणजे ठीक ठीक, म्हणत. मेकॅनिकला एकदा दाखवू का, असं रम्याने कानात विचारलं तर तिला हळूच दटावलं. म्हणाला, आपली माणसं आहेत, पोहे खाऊन वर मेकॅनिक आणला तर काय वाटेल.

मी मागे चढले. मोगऱ्याखाली दुसरा वास होता. ओली गादी उन्हात वाळवली तरी तिच्यात राहतो तो वास. मी आयुष्यभर गाद्या वाळवल्यात, मला तो चुकत नाही. बोटाने सतरंजी उचकटून बघितली, बाकाचे आणि पट्ट्याचे बोल्ट गंजून तांबूस. मग सीटचा पट्टा धरून ओढला, पूर्ण, शेवटपर्यंत. बाहेरचा पट्टा स्वच्छ. आत गुंडाळलेला शेवटचा हातभर मातकट, आणि त्यावर चहाच्या कपात उरते तशी रेघ.

गाडी पाण्यात बुडालेली होती. गेल्या ऑक्टोबरच्या पावसात इकडच्या तळघरांत गळ्याएवढं पाणी आलं होतं, टीव्हीवर दाखवत होते.

उतरून मी सहज विचारलं, पावसात इथे पाणी येतं का हो? देवश्रीने मकरंदकडे बघितलं आणि मला विचारलं, आजी, चहा ठेवू?

पट्टा मी सोडला होता. तो सळकन आत गेला होता, जागच्या जागी.

येताना अभिराज गाणं गुणगुणत होता. पुढच्या रविवारी जाऊन अर्धी रक्कम द्यायची, असं ठरवून आला.

मी काही बोलले नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बोलले नाही.

बोलले तर काळी येणार. दोन रविवार संपले.

पाण्यात भिजलं म्हणून काय झालं? आमचं निपाणीचं घर दर पावसाळ्यात भिजायचं. लोखंड आहे, पुसलं की झालं. आणि पांढरी मधल्या सीटला काय रुंद आहे. मी मधे बसून बघितलं होतं, खिडकीशी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवरात्र. अक्का प्रसादाची वाटी घेऊन आल्या. रम्याने सांगून टाकलं की पांढरी जवळजवळ ठरली. अक्कांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, बरं झालं, नवीन आहे. आणि गेल्या. जिना चढताना मधे थांबल्या. गुडघे दुखत असणार. मला तिकडे बघायचं नव्हतं, तरी मी बघत होते.

मला वाटलं होतं फार बरं वाटेल. त्यांच्या वस्तूला नकार माझ्या घरातून गेला, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं. पण बरं वाटण्याला वास होता.

रम्याने पुन्हा मेकॅनिकचं काढलं. अभिराज चिडला. म्हणाला, मकरंदने त्याला दादा म्हटलंय.

झोपले की पट्ट्यावरची ती रेघ दिसते. कुशीवर वळले की जाते.

१ मार्च, शनिवार

आज बोलले. सगळंच बोलले. रम्याला वहीचा उपयोग झाला नाही असं वाटेल.

जेवायला बसलो होतो. उद्या सकाळी सर्जापूर रोडला जायचं, पैसे द्यायचे. शमिका कागदावर गाडीचं चित्र काढून कोण कुठे बसणार ते लिहीत होती. बाबा आणि आनेकलचे आजोबा पुढे. मधे आई, आनेकलची आजी आणि खिडकीशी मी. मागचा सगळा बाक तिचा. "मी पट्टा लावून तिथेच झोपणार तुळजापूरपर्यंत," म्हणाली.

तो तांबूस बोल्ट त्याच पट्ट्याचा.

मी भाकरी ताटात ठेवली आणि म्हटलं, "त्या गाडीत पाणी शिरलंय. पार वरपर्यंत."

अभिराजने विचारलं, तुला कुणी सांगितलं. मी वास, बोल्ट, पट्टा, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, तेव्हाच मला भीती वाटली.

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आठवडाभर माहीत होतं?"

"सहा दिवस," मी म्हटलं. खोटं का बोला?

रम्याने शमिकाला आत पाठवलं. अभिराज म्हणाला, आई, आज खरं सांग, काळीचं एवढं काय आहे. मी शालू, मशीन, पाळणा काढला. मग मी ते सांगितलं जे चार वर्षांत कुणाला सांगितलं नाही. इथेही लिहून ठेवते, एकदाच.

अभिराजचे वडील दुपारी वर गेले होते, अक्कांचा नळ गळत होता तो बघायला. तिथेच छातीत दुखायला लागलं. रणवीर घरी होता. त्याने आणि अक्कांनी धरून ह्यांना जिन्यावरून उतरवलं. मी धावत बाहेर आले, हातात शाल. गाडीचं दार उघडं होतं. आणि मी मधलं सीट दुमडलं, मागे चढले, तिसऱ्या बाकावर बसले आणि सीट माझ्या हाताने परत सरळ केलं. कुणी सांगितलं नाही. माझी जागा ती होती, पाय आपोआप गेले. मग अक्का दुसऱ्या बाजूने मधे बसल्या आणि ह्यांना त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवं केलं.

मला ह्यांचे केस दिसत होते, थोडेसे. बाकी सीटची पाठ. ते काहीतरी बोलले. अक्का खाली वाकल्या, काहीतरी उत्तर दिलं. मला हॉर्न ऐकू येत होते. हात पुढे घातला तर अक्कांच्या खांद्याला लागला.

दवाखान्यात पोचलो, ह्यांना स्ट्रेचरवर घेतलं, सगळे आत धावले. सीट कुणी दुमडलं नाही. मी मागे तशीच. किती वेळ ते माहीत नाही. रणवीर गाडी बाजूला लावायला आला तेव्हा मी त्याला सापडले. तोवर झालं होतं.

ही माझी गाडी. चव्वेचाळीस वर्षं मी त्या बाईचं जुनं वापरलं, माझं एकच होतं ते शेवटी तिच्या मांडीवर गेलं. आणि ती गाडी माझ्या दारात आणून मी त्यात बसून भाजी आणायला जाऊ?

एवढं बोलून मी पाणी प्यायले. मला वाटलं आता अभिराज विरघळेल. तो म्हणाला,

"तू निदान गाडीत होतीस. मी आनेकलच्या बसमध्ये होतो, खिडकीला डोकं टेकून झोपलो होतो. मला फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. ती गाडी मला का हवी होती, ते तू एकदा तरी विचारलंस?"

ताट तसंच ठेवून उठला. चार वर्षं तो रणवीरशी जेवढ्यास तेवढं बोलतो. फोन उशिरा केला म्हणून, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर गाडीची बोलणी करायला रणवीर नाही, अक्का आल्या होत्या. पण त्याला माझाही हेवा वाटत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मागच्या बाकाचा हेवा. कुणाला कशाचा वाटेल सांगता येत नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी अभिराजने मकरंदला फोन करून नको म्हणून कळवलं. त्याने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. दादाही म्हणाला नाही.

मग अभिराज वर गेला, एकटा. अर्ध्या तासाने खाली आला आणि म्हणाला, काळी ठरली. माझ्याकडे न बघता. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले.

६ मार्च, गुरुवार

कागदपत्रांच्या सह्या झाल्या. नावावर व्हायला थोडे दिवस लागतात म्हणे. अभिराज माझ्याशी बोलतो, पण आई न लावता. "चहा झाला का," "औषध घेतलं का." वाक्याला डोकं नसल्यासारखं वाटतं.

९ मार्च, रविवार

आज वरचे गेले. सकाळी नऊला सामानाचा ट्रक आला. माझ्या डोक्यावरून एकेक वस्तू गेली, मोठं कपाट सगळ्यात शेवटी.

ट्रक गेल्यावर अक्का किल्ली घेऊन खाली आल्या. हातात तबक. गाडी दिली तरी पुढे बसवलेला देव देत नाहीत, तो ज्याचा त्याने काढून न्यायचा. स्टिअरिंगजवळ भवानीची पितळी मूर्ती चिकटवलेली होती. अभिराज, रणवीर दोघं वर रिकाम्या खोल्या बघत होते, रम्या आत. अक्कांनी मला हाक मारली. "तुळसा, जरा ये. निघत नाही गं."

खोबरेल आणि पापड उलटायचा पातळ उलथना घेऊन मी गेले. अक्का ड्रायव्हरच्या जागी बसल्या, मी बाजूला. अकरा वर्षांत आम्ही दोघी पुढे पहिल्यांदाच बसत होतो. समोरून रस्ता एवढा दिसतो हे मला माहीत नव्हतं. मी तेल सोडलं, अक्कांनी उलथना घातला, आणि तेल मुरेपर्यंत काही काम नव्हतं.

मी विचारलं. काचेकडे बघून विचारलं.

"अक्का, त्या दिवशी हे काय बोलले तुमच्याशी?"

त्यांनी कुठल्या दिवशी असं विचारलं नाही. उलथना मांडीवर ठेवला.

"म्हणाले, ती बसली का गाडीत. मी म्हटलं, बसलीय, मागं आहे. सरी म्हणाले." त्यांनी उलथन्याचं तेल पुसलं. "आणि म्हणाले, अभिला एवढ्यात फोन करू नका, बसमध्ये असेल, घाबरेल. म्हणून रणवीरने नाही केला."

"एवढंच?"

"एवढंच. मग नाही बोलले."

रस्त्यावरून फुलवाली ओरडत गेली. मी म्हटलं, चार वर्षं झाली, अक्का. तुम्ही जिन्यावरून रोज माझ्या दारावरून जाता.

अक्का वाईट बाई आहेत असं मी चव्वेचाळीस वर्षं म्हणतेय, पण खोटारड्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सांगणारच होते. तेराव्याला सांगायचं ठरवलं. मग राहिलं. मग आमचे हे गेले. झोपेतच गेले. मी शेजारी होते, तुळसा, हात लागेल एवढ्यावर, आणि सकाळी चहा घेऊन उठवायला गेले. माझं नाव नाही काढलं त्यांनी. कुणाचंच नाही. मग तुझं तुला द्यावंसं वाटेना, रणवीरलाही बोलू दिलं नाही."

त्यांनी मूर्तीखाली पुन्हा उलथना घातला. सुटली. खाली डिंकाचा गोल डाग राहिला. त्यांनी मूर्ती पदराने पुसली, तबकात ठेवली, किल्ली माझ्या हातात दिली, आणि उतरल्या. रणवीरच्या नव्या गाडीत बसून गेल्या. मधे, खिडकीशी. हात केला. मीही केला.

मी तशीच बसून राहिले, पुढे. एवढी वर्षं मला वाटत होतं की वर सगळं आहे. आणि तिथे एक बाई राहत होती जिला माझ्याकडचं काहीतरी हवं होतं, इतकं की ती ते देईना. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. अक्कांचे प्रतापराव देवमाणूस होते, बाई विधवा, घर सोडून चाललेली. पण खरं लिहायचं तर बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आत कुठेतरी ऊन पडल्यासारखं.

रम्याने विचारलं, एवढा वेळ काय बोलत होता. देव निघत नव्हता, म्हटलं.

संध्याकाळी अभिराज गाडी धुवून आला. मधल्या सीटवर जाऊन बसला, दार उघडं ठेवून, काही न करता. मी ओट्यावरून बघत होते. फोनचं त्याला सांगायला पाहिजे. ते त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठीच ठेवलं होतं, आणि रणवीरवरचा रागही त्याला आता टाकता येईल. सांगीन.

पण आज नको. आत्ता कुठे माझ्या हातात आलंय. चार दिवस माझ्याकडे राहू दे.